मिठात निजलेला शिपाई

मित्रांनो, मी एक जुना लष्करी ओव्हरकोट आहे. पण लष्करात मी एक दिवसही काढलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला बघायला येणारी माणसं माझ्यासमोर उभी राहिली की आपोआप ताठ होतात, आणि मला फार लाज वाटते.

माझा जन्म मुंबईत, नाटक-सिनेमाचे कपडे भाड्याने देणाऱ्या एका दुकानाच्या माळ्यावर झाला. दोन जुनी खाकी ब्लँकेटं फाडून एका शिंप्याने मला शिवलं. माझी बटणं पितळेची दिसतात, पण ती पत्र्याची आहेत. त्या वर्षी टीव्हीवर एक युद्धाची मालिका येणार होती, 'चौकी नंबर सात'. उंच डोंगरातल्या एका चौकीवर अडकलेल्या सतरा शिपायांची ती गोष्ट होती. माझ्यासारखे अठरा कोट शिवले गेले, सतरा अंगावर आणि एक जादा. तेव्हा टीव्हीवर एकच वाहिनी असायची, आणि रविवारी सकाळी ही मालिका लागली की रस्ते ओस पडायचे असं पुढे मी पुष्कळदा ऐकलं.

अठरांतले सतरा कोट वर डोंगरात गेले. मी मात्र गेलो भाईंदरला.

त्याचं असं झालं, की डोंगरातून सगळी मंडळी परत आल्यावर दिग्दर्शकाच्या लक्षात आलं, शिपाई रतनसिंग बर्फात मरतो तेव्हाचा जवळून घेतलेला चेहरा काही साधलेला नाही. पुन्हा डोंगरात जाणं शक्य नव्हतं. रतनसिंगाचं काम करणारा नटही दुसऱ्या चित्रीकरणाला निघून गेला होता. मग कोणाला तरी भाईंदरची मिठागरं आठवली. मे महिना होता. मिठाच्या पांढऱ्याशुभ्र राशी उन्हात चमकत होत्या. माणूस तेवढा हवा होता, नटाच्या अंगलटीचा.

तिथे लवू पाष्टे फावडं मारत होता. रत्नागिरीकडून आलेला, अठ्ठावीस वर्षांचा, अंगाने सडपातळ. नटांचे कपडे सांभाळणाऱ्या ड्रेसदादाने त्याला हाताला धरून आणलं आणि मला त्याच्या अंगात चढवलं. मी पहिल्यांदा माणसाच्या अंगावर गेलो तो असा. बाहेर ऊन आग ओकत होतं आणि आत लवूच्या छातीत धडधडत होतं.

त्याला राशीच्या उतारावर उताणं निजवलं. हनुवटीपर्यंत मीठ ओढलं. नाकातोंडावर लोकरीची पट्टी बांधली, कपाळावर टोपी ओढली. उघडे राहिले ते फक्त डोळे.

"मेलायस तू," दिग्दर्शक त्याला म्हणाले. "थंडीने मेलायस. पापणी हलली तर मेलेला माणूस जिवंत होईल. कळलं?"

"व्हय," लवू म्हणाला.

समोर मोठा पंखा लावला आणि त्याच्यापुढे दोघं जण बारीक मीठ उधळू लागले. ते हिमवादळ. मीठ उघड्या डोळ्यांत जात होतं. लवूचं सगळं अंग माझ्या आत थरथरत होतं, पण पापणी हलली नाही. पहिल्या खेपेला कॅमेऱ्यात काही बिघडलं. दुसऱ्या खेपेला ढग आला. तिसरी खेप पूर्ण झाली तेव्हा भोवतीची माणसं टाळ्या वाजवायची विसरली. मग कोणीतरी टँकरच्या पाण्याने त्याचे डोळे धुतले. मी मिठाने कडक झालो होतो, खांद्यावर उसवलो होतो. ड्रेसदादा मला बघून म्हणाला, "याचं आता काय करायचं! ठेव तुलाच."

लवूने मला खांद्यावर टाकलं आणि चाचपडत घरी नेलं.

त्याची बायको अनसूया तेव्हा गरोदर होती. दोन दिवस ती त्याच्या डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवत राहिली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बसल्या. त्या अजून सुटल्या नव्हत्या आणि तो भाग टीव्हीवर लागला. नाक्यावरच्या वाण्याकडे टीव्ही होता. अनसूयाने नवऱ्याला हाताला धरून तिथे नेलं, माणसांच्या गर्दीत बसवलं, आणि कानाशी लागून सांगत राहिली.

"आता तुमी दिसताय. नुसतं डोळं दिसतायत. बाया रडतायत बगा."

"पापनी हालली का?"

"नाय हालली."

पट्ट्या सुटल्या तेव्हा उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं. त्या डोळ्याने पुन्हा काही दिसलं नाही. मालिका एकदाच लागली आणि संपली. आपलं ते मरण लवूने स्वतः कधीच पाहिलं नाही.

मित्रांनो, त्यानंतरची माझी वर्षं चांगली गेली असं म्हणायला हवं. दुर्गा जन्मली ती माझ्यावर निजली. थंडीत लवू मला घालून मिठागरावर राखण करायचा. आल्यागेल्याला तो माझी बटणं दाखवून गोष्ट सांगायचा, आणि लोक 'व्वा' म्हणायचे. मग हळूहळू लोक हसू लागले. शाळेत पोरं दुर्गाला 'बर्फवाल्याची' म्हणून चिडवू लागली. एकदा तिने बापाला सांगितलं, "बाबा, प्लीज, माझ्या मैत्रिणींसमोर ते नको ना सांगत जाऊस." त्या दिवसापासून लवूने गोष्ट सांगणं बंद केलं. मी खिळ्यावरून ट्रंकेमागे गेलो. मिठागराचं काम बंद पडलं. अनसूया वारली. लवूच्या डाव्या डोळ्याला काचबिंदू झाला आणि राहिलेला उजेडही सरला. माझी एक बाही उंदरांनी खाल्ली.

गेल्या वर्षी, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करणाऱ्या दुर्गाने जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर एक निरोप पाहिला. 'चौकी नंबर सात'च्या चाहत्यांचा मेळावा, रविवारी सकाळी, भाईंदरजवळच्या पूनम सागर वसाहतीतल्या सभागृहात. त्याबरोबर एक चित्रही होतं. पांढऱ्या राशीत उघडे राहिलेले दोन डोळे. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने ट्रंक सरकवली, मला ओढून काढलं आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसली.

"बाबा, रविवारी जातोय आपण."

"कुटं?"

"तुझं नाव सांगायला."

पस्तीसेक माणसं होती. पन्नाशी-साठीची, मराठी, गुजराती, उत्तरेकडची. कोणी शीर्षकसंगीत गुणगुणत होतं, कोणी सुभेदाराचे संवाद म्हणून दाखवत होतं. "अरे, उस टाइम मेरे पिताजी दुकान बंद करके आते थे," असं कोणी सांगितलं की दहा जण आपापल्या वडिलांची आठवण काढत. सगळं जमवलं होतं गुणवंत राऊतांनी. ते जवळच्याच सिल्व्हर पार्क वसाहतीत राहतात. मालिका लागायची तेव्हा ते तेरा वर्षांचे होते, आणि एरवी कधी न बोलणारे त्यांचे वडील रतनसिंगाचं मरण पाहून म्हणाले होते, "बघ गुणू, माणूस असा असावा." पुढे सहा महिन्यांनी वडील गेले. चाळिशीत गुणवंत एकटेच डोंगरात जाऊन ती जागा शोधून आले होते. एका उतारावर डोकं टेकवून आले होते.

भिंतीवर तो प्रसंग दाखवला गेला.  दुर्गा बापाचा हात घट्ट धरून बघत होती. भिंतीवरचा माणूस तिच्याहून लहान होता. त्याच्या डोळ्यांत मीठ जाताना दिसत होतं, आणि इतकी वर्षं खोटी वाटलेली गोष्ट तिच्यासमोर खरी होत होती. 

"काय चाललाय?" लवूने विचारलं.

"तू दिसतोयस, बाबा."

दिवे लागल्यावर ती उभी राहिली. "हे माझे वडील. लवू धोंडू पाष्टे. तो माणूस हे आहेत. हा त्यांचा कोट."

सगळे धावले ते माझ्याकडे. माझी बटणं, माझा पट्टा, माझ्या खांद्यावरचा सात नंबर. कोणी फोटो काढले, कोणी मला कपाळाला लावलं. गुणवंतांनी माझी बटणं एकेक करून तपासली. "ओरिजिनल आहे," ते म्हणाले. "शंभर टक्के ओरिजिनल."

मग ते लवूकडे वळले. "काका, हा तुम्हाला मिळाला कुठे?"

"अंगात व्हता माज्या," लवू म्हणाला. "हितंच, भाईंदरला. मिठाच्या राशीत निजवलंनी मला."



"काका, तुमचा अपमान नाही करायचाय मला," गुणवंत म्हणाले. "पण तो शॉट वरचाच आहे. रतनसिंग झालेल्या नटाने स्वतः मुलाखतीत सांगितलंय, मरायच्या आधी. पाच-पाच फूट बर्फ होता. मी जाऊन आलोय तिथे."

"बर्फ नाय साहेब. बर्फ मी आजून बगितला नाय. मीठ व्हतं."

"मग डोळे बघा ना!" दुर्गा म्हणाली. "लावा तो फोटो शेजारी आणि बघा."

गुणवंतांनी खरंच मोबाईल लवूच्या चेहऱ्याशेजारी धरला. भिंतीवर दिसले होते ते काळेभोर, टक्क उघडे डोळे. इथे एका डोळ्यावर पांढरं फूल होतं आणि दुसरा राखेसारखा विझलेला. ओळखायला दुसरं काही उघडं नव्हतंच. गुणवंतांनी मोबाईल खाली घेतला.

नीलिमाताई म्हणून एक निवृत्त शिक्षिका मला हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्या अस्तराची शिवण नखाने उसवली, आतले बारीक खडे बोटावर घेतले आणि जिभेला लावले.

"गुणवंत, हे मीठ आहे."

"घामाचं असेल," गुणवंत पटकन म्हणाले.

दोघं-तिघं हसले. नीलिमाताईंनी गुणवंतांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर तेरा वर्षांच्या पोराची भीती होती, कोणीतरी बापाचं शेवटचं बोलणं हिसकावून नेत असल्यासारखी. त्यांनी बोट रुमालाला पुसलं आणि मला घडी घालून टेबलावर ठेवलं. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. त्यांना कळलं होतं, हे मी शपथेवर सांगतो.

निघताना गुणवंत म्हणाले, "काका, हा कोट आमच्याकडे द्या. तुमच्याकडे ओल असेल, वाळवी असेल. आम्ही जिवापाड जपू."

दुर्गा चिडून म्हणाली, "का म्हणून द्यायचा?"

पण लवूने मला शोधून माझ्यावरून एकदा हात फिरवला. "घेऊन जावा. मला आता दिसत नाय, याला तरी कोनी बगूं दे. फकस्त माजं नाव तेवडं लिवा."

"लिहितो काका. नक्की लिहितो."

आणि मित्रांनो, त्यांनी शब्द पाळला. मला नामांकित लाँड्रीत धुतलं, बाही रफू केली. माझ्या शिवणींतला शेवटचा खडादेखील त्या पाण्यात विरून गेला. सिल्व्हर पार्कच्या आपल्या घरात माझ्यासाठी काचेचं कपाट बनवलं, आत बारीक दिवा लावला. कपाट उघडायच्या दिवशी लवू आणि दुर्गा यांनाही बोलावणं होतं. दोघं रिक्षाने आली.

माझ्या डोक्यावर त्या नटाचं मोठं छायाचित्र होतं. खाली पाटी होती: 'शिपाई रतनसिंग यांचा कोट. हिमशिखरांवरील चित्रीकरणात वापरलेला. लवू धोंडू पाष्टे यांच्या सौजन्याने.'

लवूने काचेवर तळहात टेकवला.

"नाव हाय का गं?"

दुर्गा पाटी वाचत होती. 

"हाय, बाबा."

"काय लिवलाय, वाच."

"लवू धोंडू पाष्टे," ती म्हणाली आणि तिथेच थांबली.

"धोंडू पन लिवलाय?" म्हातारा हसला. "बरा केला."

गुणवंत शेजारीच उभे होते. दुर्गाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि पाहुण्यांना सरबत द्यायला आत गेले. ते परत आले तेव्हा दोघं जिना उतरली होती.

श्रावणात लवू वारला. गुणवंतांनी चाहत्यांच्या ग्रुपवर 'कोट देणारे काका गेले' असं लिहिलं. वीस-बावीस जणांनी हात जोडले. मग कोणीतरी तोच प्रसंग पुन्हा पाठवला, आणि रात्रीपर्यंत सगळे त्या नटाच्या न मिटलेल्या पापणीबद्दल भरभरून लिहीत राहिले. दुर्गा त्या ग्रुपमध्ये नव्हती. ती नंतर एकदाच दारात आली होती, पाटी बदलायला सांगायला. नवीन पाटी पुढच्या मेळाव्याला करू, असं गुणवंत म्हणाले. तिने मान डोलावली आणि गेली. मेळावा होऊन गेला. पाटी तीच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं माझे भाईबंद तुम्हाला सांगत आले आहेत. मी ते सांगणार नाही. माझ्याइतकी कोणतीच वस्तू जपली गेली नसेल. मला डांबरगोळ्या आहेत, दिवा आहे, काचेवर रोज फडकं फिरतं. माझी विनंती वेगळी आहे. एखादं म्हातारं माणूस तुमच्यासमोर उभं राहून 'तो मीच होतो' म्हणालं, आणि ते खरं मानल्याने तुमचं लाडकं काही मोडणार असेल, तर ते मोडू द्या. ते मोडलं तरी तुम्ही तगाल. समोरच्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो.

हे मला त्या सभागृहात टेबलावर पडल्या पडल्या सांगायचं होतं. तेव्हा मला तोंड नव्हतं. ज्यांना होतं ते गप्प बसले.