सुईमुद्रा

जेवणाची सुट्टी झाली, मशिनं थांबली, आणि शिवणकारखान्याच्या त्या लांबलचक हॉलमध्ये कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून झाडून सगळे कारागीर जोरजोरात श्वास ओढायला लागले. हुस्स, हुस्स, हुस्स! डबे न उघडता तसेच पडलेले. पुढे कटिंगच्या टेबलावर श्वासगुरू उभा. पांढराशुभ्र सदरा, कानाला अडकवलेला माइक आणि चेहऱ्यावर ते गुळगुळीत हसू. पाहिलं की आपलंच तोंड धुऊन यावंसं वाटे.

"जोरात! आणखी जोरात! श्वास म्हणजे धागा, बाळांनो! मनाच्या गाठी तोच सोडवणार! बोटांना मुंग्या आल्या? येऊ द्या! ती आली, ती आली!"

ती म्हणजे कोण, हे त्याने कधी सांगितलं नाही. पण थोड्याच वेळात बोटं आपोआप आखडायची, एकमेकांना चिकटायची, अंगठा आत वळायचा. सुई चिमटीत धरावी तसा हात व्हायचा. आता जन्मभर शिवणकाम केलेल्यांना त्या चिमटीत दुसरं काय दिसणार? पहिल्याच दिवशी काजेवाली रडत ओरडली, "माझ्या हातात सुई दिली हो! न दिसणारी सुई!" गुरूने ते अलगद उचललं आणि 'सुईमुद्रा' असं नाव ठेवून मोकळा झाला. मग तो एकेकाच्या कपाळावर हात ठेवायचा, "शांत... सावकाश... सोड..." म्हणायचा, आणि बोटं उलगडायची. लोक हात जोडून डोळे पुसायचे.

मालक दारात उभा राहून खूश. रोजचं काम वाढवून ठेवलं त्यानेच, माणसं धास्तावली ती त्यामुळेच. पण काम कमी करण्यापेक्षा गुरू आणणं सोपं!

हॉलच्या टोकाला तयार कपडे उलटे करून शिवण तपासणारी बाई बसायची. तिला सगळे चेकरताई म्हणत. कपडा बाहेरून कितीही झकपक असो, आतून पाहिल्याशिवाय ती तो पुढे सोडत नसे. तिला हा प्रकार पहिल्यापासून पचला नव्हता. पण तिची धाकटी बहीण पहिल्याच रांगेत बसलेली असायची, म्हणून ती गप्प होती.

धाकटीला पूर्वी फिट यायच्या. औषधाने त्या थांबल्या, भीती मात्र थांबली नाही. बटणाच्या मशिनवर सुईखाली बोटं असताना फिट आली तर, या विचारानेच तिची छाती धडधडायची. गुरूकडे बसायला लागल्यापासून ती जरा हसायला लागली होती. ते हसू कोण मोडणार?

एका संध्याकाळी भांडी घासता घासता धाकटी म्हणाली, "ताई, मी गोळ्या सोडल्या."

"काय सोडल्या?"

"गोळ्या. गुरुजी म्हणाले, गोळी म्हणजे श्वासाच्या वाटेतला बोळा. तो काढल्याशिवाय..."

"त्याच्याच तोंडात कोंब तो बोळा! अगं, डॉक्टरांना विचारलंस तरी का?"

"तुला माझं चांगलं झालेलं बघवतच नाही, ताई!"

चेकरताई रागावली, मग विनवण्या केल्या, पाण्याचा पेला आणि गोळी तिच्या पुढ्यात धरली. धाकटीने लहान मुलीसारखे ओठ घट्ट मिटून घेतले. काही केल्या ऐकेना.

आणि दुसऱ्याच दिवशी, हुस्स हुस्स ऐन रंगात आलेलं असताना, धाकटी ताठ झाली आणि धाडकन आडवी पडली. हातपाय झटके खायला लागले, तोंडाला फेस आला.

"हात लावू नका!" गुरू माइकमधून गरजला. "शक्ती संचारली हिच्यात! टाळ्या होऊ द्या!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोज तिच्या डब्यातलं खाणाऱ्या, तिला लेक लेक म्हणणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. शी! पोरगी जमिनीवर तडफडतेय आणि ही माणसं तोंडभर हसतायत. किळस यावी तर अशा वेळी.

चेकरताई गठ्ठे तुडवत धावली. धाकटीच्या डोक्याजवळची कात्री तिने लाथेने उडवली, डोक्याखाली कापड सरकवलं आणि झटके ओसरताच तिला कुशीवर वळवलं. "बंद करा त्या टाळ्या! माणसं आहात का कोण आहात?" असं ती ओरडली, पण माइकपुढे तिचं कोण ऐकणार!

दवाखान्यात धाकटीच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, मेंदूची तपासणी करताना आम्हीच पेशंटला असा भराभर श्वास घ्यायला लावतो. का? आजार दबा धरून बसला असेल तर अशा श्वासाने तो कधीकधी डोकं वर काढतो, म्हणून. पण आम्ही शेजारी उभे असतो. आणि हिने तर गोळ्याही एकदम बंद केल्या! जिवावर बेतलं असतं."

"आणि ती बोटं आखडतात ती?"

"शरीराला लागतो त्यापेक्षा जास्त श्वास घेतला, की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. नसा चाळवतात, मुंग्या येतात, बोटं आखडतात. श्वास सावकाश झाला की सुटतात."

"विश्वास नसलेल्याचीसुद्धा?"

"बोटांना काय कळतो विश्वास?"

चेकरताईने स्वतःची बोटं चिमटीसारखी वळवून पाहिली. मग म्हणाली, "हे हॉलमध्ये दाखवता येईल?"

"धडधाकट माणूस बघून ठेवा. मी येते सोबत."

पुढच्या जेवणाच्या सुट्टीत गुरू सांगत होता, की त्या मुलीतलं सगळं वाईट बाहेर पडलं. पहिल्या रांगेत धाकटी नव्हती. ती मागे, बहिणीच्या स्टुलावर बसली होती. चेकरताई डॉक्टरीणबाईंना घेऊन पुढे आली. "गुरुजी, आज तुम्ही दाराशी उभे राहा. कुणाच्या कपाळाला हात लावायचा नाही. मामा, या हो पुढे."

सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना, गुरू हसत हसत दाराशी गेला. इस्त्रीवाला मामा म्हणजे गुरूला उघड उघड 'फुंकऱ्या' म्हणणारा माणूस. तो कधी बैठकीला बसला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी त्याची नाडी पाहिली, त्याला खाली बसवलं.

"मामा, जोरजोरात श्वास घ्या. आणि मनात गुरुजींना हव्या तेवढ्या शिव्या घाला."

"त्याला सांगायला लागतंय होय!" म्हणत मामाने भाता सुरू केला. हुस्स, हुस्स, हुस्स. हॉल माना उंचावून बघतोय. आणि बघता बघता मामाची ती राकट बोटं वळली, अंगठा आत गेला. हुबेहूब सुईमुद्रा!

"अरे, हे काय झालं? मी तर याच्या सात पिढ्या उद्धारत होतो!"

हॉलमध्ये हशा पिकला. "आता तोंड मिटा, मामा," चेकरताई म्हणाली. "नाकाने हळू श्वास घ्या, त्याहून हळू सोडा." थोड्या वेळाने बोटं उलगडली. गुरू तिकडे दाराशीच.

"यांच्या अंतर्मनात सुप्त श्रद्धा..." गुरूने सुरुवात केली.

"श्रद्धा? तुझ्यावर? ये इकडे, दाखवतो!" मामा उसळला.

चेकरताईने त्याला आवरलं. "गुरुजी, मला एवढंच सांगा. रोज आम्ही धापा टाकतो तेव्हा तुम्ही बोलत असता. तुमच्या हातात ती सुई कधीच कशी आली नाही? बसा की आज आमच्यात."

"माझी साधना वेगळ्या पातळीवरची आहे," गुरू पुटपुटला. त्याने कानाचा माइक काढला आणि मालकाकडे पाहिलं. मालक केव्हाच केबिनमध्ये सटकला होता. मग गुरूही निघाला, जाताना ते हसू तेवढं चेहऱ्यावर राहिलं नव्हतं.

धाकटी हळूच म्हणाली, "पण ताई, मला बरं वाटायचं ते खोटं होतं?"

"नाही गं. शेवटी तो 'सावकाश सोड' म्हणायचा ना, त्याने धडधड खरंच कमी होते. पण श्वास तुझा, छाती तुझी. त्यात त्याचं काय होतं?"

"घाबरायला झालं की तसा श्वास खुशाल घे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त गोळीच्या जागी नको."

धाकटीने पर्समधून गोळी काढली आणि सगळ्यांदेखत पाण्याबरोबर घेतली. काजेवालीचे हात सवयीने टाळीसाठी वर आले. मग तिची नजर चेकरताईवर गेली आणि ते हात तसेच हवेत थांबले.

"टाळ्या नकोत मला," चेकरताई म्हणाली. "त्या दिवशीच्या अजून कानात आहेत. पुढच्या वेळी कुणी असं पडलं, तर आधी धावत जा. आणि मग विचारा, का पडलं. कुणी कितीही गोड बोलत असलं, तरी विचारा."