सातव्या खाटेची पाटी

मित्रांनो, आधी तुमचे हात दाखवा बघू. हातात फडकं नाही ना? मग सांगते. मी एक जुनी पांढरी पाटी आहे. इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात, सातव्या खाटेच्या कठड्याला दोरीनं बांधलेली. घशात श्वासाची नळी असली की माणसाला बोलता येत नाही. मग तो माझ्यावर लिहितो.

कारखान्यात तयार झाले तेव्हा वाटलं होतं, शाळेत जाईन. नशिबात निघाली ही खाट. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पुढे सगळेच घाईत. कुणी "पाणी" लिहिलं, कुणी "भीती वाटते" लिहिलं, की वाचून होण्याआधीच फडकं फिरायचं. स्वच्छतेचा नियम म्हणे! तेव्हापासून मी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही.

एकदा या खाटेवर पेंटरकाका आले. ते माझ्याहून संशयी. पडद्यापलीकडे कुणी हळू बोललं की यांचे कान टवकारलेच. नळी ओढू नये म्हणून त्यांचे दोन्ही हात मऊ पट्ट्यांनी बांधलेले. डाव्या हाताला सलाईन होतं, म्हणून सिस्टर रोज थोडा वेळ उजवा सोडायची आणि पेन द्यायची. काका जीव तोडून लिहायचे. उमटायच्या नुसत्या वेड्यावाकड्या रेघा.

"काका भ्रमात आहेत," एके दुपारी डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळपासून झोपेचं औषध वाढवू."

काकांना सगळं ऐकू येत होतं. पुन्हा गुंगीत ढकलणार, आणि आपल्याला कुणी विचारणारही नाही! त्यांचे डोळे भरून आले. भेटीच्या वेळेआधी मला रोज पुसत, त्यामुळे त्या रेघा लेकीला कधी दिसल्याच नव्हत्या. आपलं लिहिणं मुद्दाम लपवतात, अशी काकांची खात्री झाली होती. खरं सांगू? माझीही.

त्या दिवशी सिस्टर फडकं घेऊन आली, तर काकांनी मोकळ्या उजव्या हातानं मला छातीशी घट्ट धरलं. "सोडा ना, काका!" ती म्हणाली. काका कसले सोडतात! तेवढ्यात लेक आत आली. तिनं माझ्यावरच्या रेघा पाहिल्या आणि कपाळावर हात मारला.

"अहो सिस्टर, बाबांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यात, त्याही डाव्या हातानं! उजव्यानं त्यांना साधी रेघ जमत नाही."

सिस्टरचा चेहरा उतरला. "आम्ही कुणी विचारलंच नाही हो," ती म्हणाली. तिनं सलाईन उजव्या हाताला लावलं आणि डावा सोडला. काकांनी वळणदार अक्षरात लिहिलं, "मी शुद्धीत आहे. झोपवू नका. काय करणार ते आधी मला सांगा."

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि खुर्ची ओढून बसले. "चुकलं माझं, काका," म्हणाले. मग त्यांनी सगळं नीट समजावलं. श्वासाच्या यंत्राशिवाय आज दम किती टिकेल, हेही ते रोज काकांनाच विचारू लागले. नवव्या दिवशी नळी निघाली.

घरी जाण्याआधी काकांनी लेकीकडून रंग आणि ब्रश मागवला आणि माझ्या चौकटीवर चार शब्द रंगवले : "आधी वाचा, मग पुसा."

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारी असेल तर त्याच्याबद्दल दाराआड ठरवू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला विचारा. इथं आता सिस्टर येते, थांबते, वाचते, मगच फडकं उचलते. मी मात्र त्या फडक्यावरची नजर काढत नाही. फक्त त्या चार शब्दांची मला काळजी नाही. काकांनी ऑइलपेंट वापरलाय.