चौथ्या पुस्तकाचा अभिप्राय

मित्रांनो, मला आता आधाराशिवाय उभं राहता येत नाही, म्हणून भिंतीला टेकूनच बोलतो. मी एक जुना लाकडी फळा आहे. साताऱ्याकडच्या औंधपासून तासाभराच्या वाटेवर एक गाव आहे. तिथल्या वाचनालयाच्या ओसरीत माझी सहा-सात वर्षं गेली.

गावच्या सुताराने आंब्याच्या चार फळ्या जोडून मला शाळेसाठी बनवलं. मुलं कोळसा आणि पाला वाटून माझ्या अंगाला फासायची, की मी पुन्हा काळाभोर. पुढे शाळेत भिंतीवरच सिमेंटचा फळा झाला आणि मला वाचनालयात धाडलं. तोवर माझ्या एका कोपऱ्याला चीर पडली होती आणि मधल्या पट्ट्यावर खडू धड उमटत नव्हता. मी दमलो होतो.

वाचनालय नाथाजी सांभाळत. तेही दमलेलेच होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा डावा पाय गुडघ्यापासून गेला होता. वय तिशीचं, पण बोलणं म्हाताऱ्यासारखं सावकाश. दर शनिवारी दुपारच्या एस.टी.ने साताऱ्याहून पुस्तकांचा गठ्ठा येई. त्यात त्या आठवड्यात निघालेल्या तीन-चार चित्रकथा असत. पोरं सगळी एकाच पुस्तकावर तुटून पडत, ओढाओढीत पानं फाटत. या कटकटीला कंटाळून नाथाजींनी एक युक्ती काढली. सगळ्या चित्रकथा ते आधी स्वतः वाचत आणि रविवारी सकाळी प्रत्येकीचा अभिप्राय माझ्यावर लिहीत, म्हणजे ज्याने त्याने आपल्या आवडीचं पुस्तक निवडावं. त्यांची अक्षरं उजवीकडे कललेली असत. एका पायावर उभं राहून, एक हात माझ्यावर टेकवून लिहायचं, म्हणजे दुसरं काय होणार? त्यांच्या हाताचं ते ओझं मला आवडायचं.

नाथाजी खोटं लिहीत नसत. पोरांना ते पटलं होतं. फळ्यावर वाईट म्हटलेलं पुस्तकसुद्धा ती मुद्दाम वाचत आणि नाथाजींशी भांडायला येत. नाथाजी थकून हसत, म्हणत, "बरं बाबा, तुजं खरं." पुसत मात्र काहीच नसत.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात एका रविवारी त्यांनी लिहिलं:

"१. सात डोक्यांचा राक्षस. चित्रे चांगली. राक्षस पाचव्या पानावरच मरतो, पुढे वाचायला काही उरत नाही.

२. कोल्होबाची शाळा. लहानांनी जरूर वाचावे. हसू येते.

३. भुयारातला चोर. मागच्या महिन्याचीच गोष्ट आहे. चोराला फक्त मिशा नव्या."

चौथं पुस्तक लढाईचं होतं. डोंगरावरची चौकी एकटा राखणारा एक जवान. शेवटी त्याला सात गोळ्या लागतात, तो हसतो, दोन पानं भरून भाषण करतो आणि मग प्राण सोडतो. नाथाजींनी ते पुस्तक तीनदा वाचलं होतं. त्यांनी लिहिलं:

"४. चौकी सोडणार नाही. चित्रे झकास. शेवटची दोन पाने खोटी आहेत. गोळी लागलेला माणूस भाषण करत नाही. त्याला तहान लागते."

तासाभरात वाचनालयाचे अध्यक्ष लालासाहेब धोतर सावरत आले.

"नाथाजी, चौथं पुसून टाक."

"का, आबा?"

"का म्हणून इचारतोस? गावचा पोरगा कामी आलाय तिकडं. बनुबाईच्या कानावर गेलं म्हंजी?"

मित्रांनो, बनुबाईंचा मुलगा जोतीराम नाथाजींच्याच पलटणीत होता. तो गेला तेव्हा लालासाहेबांनी शोकसभेत सांगितलं होतं, की आमचा जोती हसत हसत गेला. त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्या माऊलीला धीर द्यावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. पुढे दर झेंडावंदनाला बनुबाईंना हार घालत आणि वीराची आई रडत नसते, असं बजावत. त्या खरंच कधी कुणासमोर रडल्या नाहीत. नाथाजी मात्र त्यांना चुकवत. त्या समोरून येताना दिसल्या, की कुबडी टेकत दुसऱ्या आळीने जात. साडेतीन वर्षं त्यांनी तशीच काढली.

"आबा, मी पुसणार न्हाई," नाथाजी म्हणाले. "तुमी पुसा. तुमी अध्यक्ष हाय."

लालासाहेबांनी बादलीतलं फडकं उचलून पिळलं. तेवढ्यात बनुबाईच पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. पिठाच्या गिरणीवर बायका फळ्याबद्दल बोलत होत्या, ते ऐकून त्या दळण तिथंच ठेवून आल्या होत्या. हाताला पीठ तसंच होतं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"नाथा, काय लिवलंयस ते मला वाचून दाव."

नाथाजींनी वाचलं.

"माज्या जोतीला लागली हुती तहान?"

नाथाजींनी कुबडी माझ्या अंगाला टेकवली आणि ते पायरीवर बसले.

"व्हय, काकी."

"पानी मिळालं का रं त्येला?"

"माज्या बाटलीत घोटभर हुतं, ते दिलं. निम्मं सांडलं. माजा हातच ऱ्हाईना जाग्यावर."

"आन् हसत हुता?"

नाथाजींनी मान हलवली. "न्हाई, काकी. तुमास्नी हाका मारत हुता. 'आये, आये' करत हुता. शेवटपतुर तेवढंच."

बनुबाई मटकन खाली बसल्या आणि मोठ्याने रडल्या. साडेतीन वर्षांचं रडणं होतं ते. लालासाहेबांच्या हातातल्या फडक्याचं पाणी फरशीवर ठिबकत राहिलं. मग डोळे पुसून त्या बोलल्या.

"आबा, तुमी म्हनला हसत गेला. मला वाटायचं, हसत गेला म्हंजी मला इसरला आसंल."

लालासाहेबांनी फडकं परत बादलीत टाकलं. नाथाजी उठू लागले, तर बनुबाईंनीच त्यांच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं. "मला चुकवून जात जाऊ नगंस रं," एवढंच त्या म्हणाल्या.

तो अभिप्राय माझ्यावर आठवडाभर राहिला. पोरांनी तेही पुस्तक वाचलं, पण या वेळी कुणी भांडायला आलं नाही.

त्यानंतर नाथाजींनी अजून तीन वर्षं लिहिलं. मग उरलेला पाय सुजू लागला, उभं राहवेना. ओसरीत काचेची पेटी लागली, तिच्यात छापील याद्या लावतात. मला मागच्या खोलीत मोडक्या बाकाशेजारी ठेवलं आहे. धूळ बसते, वाळवी एका कडेने वर चढते आहे. तक्रार करायचीही आता ताकद नाही.

तरी मुलांनो, तुमच्याजवळ एक मागणं आहे. एखाद्या पुस्तकाविषयी तुम्हाला जे खरंच वाटलं, तेच लिहा. आणि दुसऱ्या कुणी लिहिलेलं पुसावंसं वाटलं, तर ज्या माणसाला वाचता येत नाही त्याला ते आधी एकदा मोठ्याने वाचून दाखवा.