नावाने मारलेली हाक

“मग तिनं त्याला हाक मारली?” बनुबाईनं विचारलं. नाचणी पाखडता पाखडता तिचं सूप थांबलं होतं.

“मारली,” मालोजी मास्तर म्हणाले. “नावानं.”

“नवऱ्याचं नाव घेऊन? धीटच म्हनायची तुमची बाई.”

म्हातारी हसली, पण मास्तर हसले नाहीत. पोलादपूरच्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागली तसे ते सासूला, बनुबाईला, भेटायला उमरठला आले होते, आणि येताना स्वतः लिहिलेल्या कादंबरीची वही घेऊन आले होते; तीच ते तिला वाचून दाखवत होते. महाडच्या एका वकिलांनी रद्दीत काढलेल्या इंग्रजी पुस्तकात त्यांना ग्रीक लोकांच्या पुराणातली एक गोष्ट सापडली होती. एका गवयाची बायको मरते. तो गात गात पाताळात उतरतो आणि तिथल्या राजाला पाझर फोडतो. राजा म्हणतो, ने तिला. ती तुझ्या मागून येईल, पण वर पोचेपर्यंत वळून बघायचं नाही. गवई वळतो आणि ती कायमची जाते. गोष्ट एवढीशी, पण मास्तरांनी तिची दोनशे पानांची प्रेमकथा केली. गवयाचं नाव ठेवलं स्वरसेन. मूळ पुस्तकात ती बाई हाक मारत नाही. ती हाक मास्तरांनी पदरची घातली होती. गावातले लोक म्हणत, बायको गेल्यापासून मास्तरांनी कागदाशीच संसार मांडलाय.

पुण्याच्या एका प्रकाशकाला कादंबरी पसंत पडली होती. फक्त त्या हाकेपाशी त्याचं घोडं अडलं. बायको नवऱ्याला नावानं हाक मारते हे घरंदाज वाचकांना रुचणार नाही, तिथं ‘अहो’ करा आणि आठवड्यात कळवा, असं त्याचं पत्र आलं होतं. एका शब्दाचा तो काय प्रश्न! दुसऱ्या कुणी डोळे मिटून बदलला असता. मास्तर मात्र टाक घेऊन बसायचे आणि त्यांचा हात चालायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी गौरीचा सण उरकून ते बायकोला, मैनेला, तिच्या माहेराहून, म्हणजे याच घरातून, घेऊन निघाले होते. वाटेत आणखी दोन जोडपी भेटली. रीतीप्रमाणे पुरुष पुढे, बायका मागे. पहिल्या ओढ्यात मास्तरांनी वळून मैनेकडे पाहिलं, तर त्यांतला कोंडाजी खदखदून हसला. बायको काय पळून नाय जायाची तुमची, म्हणाला. मास्तर ओशाळले. पुढच्या ओढ्याला पाणी मांडीला लागलं, आणि मागून आवाज आला, “अवो!”

मागे तिघी होत्या, आणि तिघीही आपापल्या नवऱ्याला ‘अवो’च म्हणत. कोंडाजीची बायको तर दर दहा पावलांना म्हणे. तिचंच असणार, असं मास्तरांनी मनाशी म्हटलं आणि ते तसेच पुढे गेले. काठावर चढून पाहिलं तेव्हा मागे दोघीच होत्या. पाण्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. सासूलाही तेच सांगितलं.

“मग वळला का तो?” बनुबाईनं विचारलं.

“वळला. आणि ती गेली.”

“गेली तर गेली. हाकेला वळाया हवंच मान्सानं. तोंड तरी बघितलंन तिचं.”

मास्तरांनी वही मिटली. आता सांगितलं नाही तर या जन्मात सांगवणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

“मामी,” ते म्हणाले, “मैनेनं हाक मारली होती. मी ऐकली होती.”

मग त्यांनी काहीच हातचं राखलं नाही. कोंडाजीचं हसणं सांगितलं, तो ‘अवो’ सांगितला, पुण्याचं पत्रही सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली. तिचे हात सुपातच होते.

“तीन वर्सं मी देवाला इचारत्ये,” ती शेवटी म्हणाली, “माजी पोर मुक्यानं कशी गेली म्हनून. आन् तुमास्नी ठावं होतं.”

ती उठून घरात गेली. मास्तर अंगणाकडे तोंड करून ओसरीवरच बसून राहिले. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

बऱ्याच वेळानं त्यांच्या पाठीमागून, दारातून, तिचा आवाज आला. रडून तो बसला होता.

“लगीन ठरलं तवा महिनाभर ती गोठ्यात म्हशीपुढं तुमचं नाव घ्यायची. मी रागं भरली तर म्हनाली, आता घेऊ दे गो आये, मग जल्मात मिळायचं नाय.”

मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. लग्नातल्या उखाण्यात मैनेनं नाव घेतलं असेल तेवढंच. सहा वर्षांच्या संसारात पुन्हा त्यांनी ते तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

“त्या पुण्यावाल्याला कळवा,” बनुबाई म्हणाली. “नाय छापलं तर नाय छापलं. ती बाई नावानंच हाक मारंल.”

मास्तरांनी मान हलवली. मग, न राहवून, त्यांनी विचारलं, “कशी घ्यायची ती नाव?”

सासूनं जावयाला आजवर नावानं कधी हाक मारली नव्हती.

“मालोजी रे,” मग ती हळूच म्हणाली. “मालोजी रे.”

“ओ,” म्हणून मास्तर गर्रकन वळले. दारात म्हातारी एकटीच उभी होती.