कमलीबाईचं पहिलं वर्ष

रिसोडच्या कॉलेजच्या फाटकात शिपायानं दौलतसिंगला अडवलं.

"पालक हाय का? पोरगी कुठी हाय?"

"पोरगी नाही भाऊ, बायको हाय. बीएच्या पहिल्या वर्षाले."

शिपायानं कमलीबाईकडे पाहिलं. बेचाळिशीची बाई, ऊसतोडीनं घट्टे पडलेले हात, हातात कोरी वही. तो बाजूला झाला.

दौलतसिंगला खरं तर लगेच जीप धरून तांड्यावर परतायचं होतं. सोयाबीनमधलं तण काढायची डवरणी खोळंबली होती. पण पाय निघेना. तो वर्गाच्या खिडकीखालच्या पायरीवर टेकला.

आत वैजयंती मॅडम एकेकाला विचारत होत्या, शिकून काय व्हायचंय. कुणी पोलीस भरती म्हणालं, कुणी तलाठी. मग ओळखीचा आवाज आला.

"मले वकील व्हायचं हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. दौलतसिंगनं मान खाली घातली.

"हसा. पन ऐका," कमलीबाई म्हणाली. "अकरा वर्सं झाले. कारखान्यावर जातानी आमच्या ट्रॉलीले ट्रकनं ठोकलं. माझी जाऊ गोजरा जागीच गेली. मी डोयानं पाह्यलं. लिहून घेनाऱ्या पोलिसाले सारं सांगतलं, अंगठा देल्ला. कोर्टात ट्रकवाल्याच्या वकिलानं तोच कागद वाचला. त्यात लिहेल, मी झोपेल होती, मले काही दिसलं नाही. मी म्हनलं, हे माह्यं बोलनं नाही. तो म्हने, अंगठा तं तुयाच हाय ना? ट्रकवाला सुटला. तवापासून मी शिकून राह्यली. दहावीले गणितात दोनदा नापास झाली."

आता कुणी हसलं नाही.

"कायद्याच्या पदवीपर्यंत अजून सहा वर्षं लागतील, कमलीबाई," मॅडम हळूच म्हणाल्या.

"मालूम हाय. मधात प्रवेश परीक्षा असते, थे बी मालूम हाय."

दौलतसिंग तसाच बसून राहिला. गोजरा त्याची सख्खी भावजय. पण 'गेलेलं मानूस येते का परत? पुस्तकं कायले पाह्यजे?' असं बायकोला तोच कितीदा बोलला होता. अन् ती ऊसतोडीच्या पालावर, चुलीच्या उजेडात, पुस्तक उघडून बसतच राहिली.

मधल्या सुट्टीत ती बाहेर आली. "तुमी अजून अठीच? डवरनी?"

"होईन उद्या." तो उठला, धोतर झटकलं. "यंदा ऊसतोडीच्या मुकादमाले नाही सांगतो. अठीच मार्केटात हमाली पाहतो."

कमलीबाई त्याच्याकडे पाहतच राहिली. डोळे भरून आले तिचे, पण तेवढ्यात घंटा झाली.

"इंग्रजीचा तास हाय," ती म्हणाली आणि पदर सावरत आत पळाली.

दिवाळीनंतर सगळे ऊसतोडीला गेले, तांडा रिकामा झाला, तरी त्यांच्या घरी चूल पेटत राहिली. फेब्रुवारीत पहिल्या सत्राचा निकाल लागला. कमलीबाई सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत काठावर. आणि राज्यशास्त्रात वर्गात पहिली. दौलतसिंगनं ही बातमी मार्केटातल्या प्रत्येक हमालाला थांबवून सांगितली.