आईच्या तोंडाला शोभणारी भिंत

भिंतीला द्यायच्या रंगाचे पुठ्ठे आमची वहिनी भिंतीला लावून बघत नव्हती, झोपलेल्या आईच्या गालाजवळ धरून बघत होती. दारातून हे पाहिलं आणि मनात म्हटलं, गेली ही कामातून.

आई मोठ्या दुखण्यातून उठली होती. तपासण्या चांगल्या आल्या होत्या, डॉक्टरांनी हिंडाफिरायला सांगितलं होतं. पण रोज सकाळी अंथरुणात बसून ती हातातला आरसा बघायची आणि म्हणायची, तोंड हिरवं पडलंय, दुखणं गेलेलं नाही, तुम्ही लपवताय. मग जेवण नको, माणसं नकोत. सख्ख्या बहिणीलाही तिने येऊ नको म्हणून कळवलं. मी समजावून थकले, दादा चिडून थकला. पालथ्या घड्यावर पाणी. अशी न खाता पडून राहिली तर बरी झालेली बाई हातची जाईल, अशी मला भीती वाटायची.

तर मी वहिनीला फैलावर घेतलं. आई आंघोळीला गेल्यावर तिने मला आईच्या जागी बसवलं आणि आरसा हातात दिला. मी ठणठणीत बाई, पण आरशात चार दिवसांची सोबती दिसत होते. खिडकीतलं ऊन समोरच्या पिस्ता रंगाच्या भिंतीवरून थेट तोंडावर येत होतं. इतकी वर्षं ती भिंत तिथेच होती आणि पोटच्या लेकीला हे सुचलं नाही.

ओल आलीय असं सांगून आईला हॉलमध्ये हलवलं. आरसा वहिनीने लपवला. रंगारी म्हणाला पांढरा द्या, दादा म्हणाला काहीही द्या, आणि मी खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. वहिनीने कोणाचंच ऐकलं नाही. पिवळ्याने कावीळ झाल्यासारखी दिसेल, गुलाबी खोटा वाटेल, असं म्हणत तिने दुधावरच्या सायीचा, किंचित बदामीकडे झुकणारा रंग निवडला.

रंगारी नाराज झाला. "हा रंग दिलाय हे कळणारसुद्धा नाही."

"नकोच कळायला," वहिनी म्हणाली. "भिंत नाही, आई दिसायला हव्यात."

सासूचं तोंड असं वाचणारी सून मी दुसरी पाहिलेली नाही. नणंद असून सांगतेय, म्हणजे खरंच समजा.

रंगाचा वास गेल्यावर आईला खोलीत आणलं आणि आरसा उशाशी ठेवला. सकाळी आम्ही चहा घेऊन गेलो, तर ती आधी एक गाल बघत होती, मग दुसरा. वहिनीने माझा हात घट्ट धरला होता.

"बरी झालेय गं मी," आई इतक्या हळू म्हणाली की मला रडूच फुटलं.

तिने माझ्याकडे लक्षही दिलं नाही. आरसा खाली ठेवून वहिनीला म्हणाली, "मावशीला फोन लाव. म्हणावं, ये आता. तोंड दाखवण्याजोगं झालंय माझं."