माझ्या पोटातलं शिसं

ओळखलंत का मला? नाहीच ओळखणार. मी फिक्या निळ्या रंगाची, चार दारांची साधी घरगुती गाडी. माझ्यासारख्या हजारो रस्त्यावर आहेत. पण जरा वाकून खिडकीतून आत बघा. मागची सीट नाही, छताचं कापड नाही, रेडिओ नाही. आत नुसता लोखंडी नळ्यांचा पिंजरा. मी शर्यतीची गाडी आहे, आणि आज बोलणार आहे, कारण माझा संताप आता टपात मावत नाही.

जन्मले मात्र चारचौघींसारखीच. कारखान्यात माझ्या पुढे एक पांढरी होती, मागे एक राखाडी. पांढरी एका डॉक्टरीणबाईंकडे गेली, राखाडी एका मोठ्या कुटुंबात. त्यांच्या नशिबी सहली, शाळेची ने-आण, सीटवर सांडलेलं दूध. मला बाजूला काढलं ते मामांनी.

मामा म्हणजे कंपनीच्या शर्यत विभागाचे मुख्य मिस्त्री. मला चालवायची ती त्यांची सख्खी भाची. ती मामा म्हणायची, म्हणून हळूहळू सगळा विभागच त्यांना मामा म्हणायला लागला. आमच्या शर्यतींचा नियम असा, की दुकानात विकतात तीच गाडी पळवायची. सांगाडा तोच, इंजिन तेच. आतलं काढा, घासा, सुधारा. पण शर्यत संपल्यावर चालकासकट वजन ठरलेल्या आकड्याखाली जाता कामा नये.

या वजनानं मामांना झपाटलं होतं. माझ्या तळाला आवाज दाबण्यासाठी डांबरासारखा थर चिकटवलेला असतो, तो त्यांनी आठ दिवस मांडी घालून खरवडला. दारांच्या कड्यांना भोकं पाडली. एखादा स्क्रू लांब वाटला तर कापायचे. "एकेक ग्रॅम हिला मागे ओढतो," म्हणायचे. स्वतःचं पोट मात्र चांगलं सुटलेलं; ते कुणी खरवडलं नाही.

एवढं करून काय झालं? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! पहिल्या वर्षी गिअर अडकायचा. दुसऱ्या वर्षी ब्रेक तापून लाल व्हायचे. बावीस शर्यतींपैकी नऊ मी अर्ध्यात सोडल्या, दोनदा तिसरी आले. मग तिसऱ्या वर्षी एकदाची दुसरी आले. भाचीनं माझ्या टपावर थाप मारली. मला वाटलं, आता कौतुक होणार.

कौतुक म्हणून काय मिळालं असेल? तीस किलो शिसं! पुढे येणाऱ्या गाडीला पुढच्या शर्यतीत ओझं द्यायचं, म्हणजे मागच्यांना संधी मिळते, असाही एक नियम आहे. चालकाशेजारच्या जागेत शिशाच्या लाद्या चार बोल्टांनी आवळल्या आणि माझ्या ठरलेल्या वजनाचा आकडाही तेवढाच वाढवला. माणसांची ही रीतच मला कळत नाही. जी पळते तिच्याच गळ्यात धोंड.

त्यातच कंपनीचे मोठे साहेब येऊन सांगून गेले, "या वर्षी एक तरी विजय दाखवा, नाहीतर विभाग बंद." वर्षाची एकच शर्यत उरली होती.

मामांनी आकडेमोड केली. पेट्रोल किती जळेल, टायर किती झिजतील, भाचीचा घाम किती जाईल, सगळं धरलं. शिवाय आमच्या धंद्यातली एक युक्ती. शर्यतीत टायरचे तुकडे उडून वळणांच्या कडेला पडतात. शर्यत संपल्यावर तापल्या टायरांनी सावकाश कडेनं आलं, की ते चिकटतात आणि किलो-दीड किलो वजन फुकटात वाढतं. मामांनी ते रबर आधीच हिशेबात धरलं. बाजारात तुरी, तसा हा प्रकार.

शर्यत मात्र काय झाली म्हणून सांगू! शेवटच्या फेरीपर्यंत पुढे एक लाल गाडी होती. शेवटच्या वळणावर तिचे मागचे टायर घसरले, आतली बाजू मोकळी सुटली आणि भाचीनं मला त्या फटीत घातलं. तीस किलो शिशासकट मी पहिली आले! आयुष्यात पहिल्यांदा.

भाचीच्या कानात मामांचा आवाज आला, "शाब्बास, पोरी! आता सावकाश. कडेकडेनं ये. रबर गोळा कर."

"हो मामा, हो मामा," ती रडत म्हणत होती. ऐकत कुठे होती? प्रेक्षकांसमोर तिनं मला गरगर फिरवलं. टायरांचा धूर निघाला. चिकटायचं राहिलं बाजूला, होतं तेही जळलं. मग हातमोजे काढून तिनं गर्दीत भिरकावले. मला तोंड असतं तर ओरडले असते, "अगं बाई, पुरे!"

वजनकाट्यापाशी चष्मेवाले तपासनीस उभे होते. त्यांनी आकडा वाचला. "अडीचशे ग्रॅम कमी."

"साहेब, पुन्हा करा," मामा म्हणाले.

पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. काटा हलला नाही.

"तिचे हातमोजे धरा की."

"कुठे आहेत?"

मामांनी गर्दीकडे पाहिलं. तिथे कुणीतरी ते हातात घालून नाचत होतं.

तपासनिसांनी कागदावर लिहिलं, अपात्र. तीस किलो शिसं पोटात घेऊन मी हलकी ठरले! मामा भाचीजवळ गेले. पाण्याची बाटली पुढे केली. "पाणी पी."

"आधी पाजलं असतंस तर वजन भरलं असतं, मामा," ती म्हणाली, आणि दोघंही तिथेच काट्याच्या कडेला बसले.

विभाग बंद झाला. मामांनी मला स्वतःच्या गॅरेजात आणून ठेवलं. येणारा-जाणारा विचारतो, "किती शर्यती जिंकली हो ही?" भाची म्हणते, "एकही नाही." मामा म्हणतात, "एक." मग दोघांची जुंपते आणि विचारणारा ओशाळून निघून जातो. मला कुणी विचारत नाही.

ते शिसं अजून माझ्या पोटात आहे. पुढची शर्यत झाली असती तर निघालं असतं. ती झालीच नाही. माझी एक बाजू खचली आहे, स्प्रिंग बसली आहे. परवा भाचीला दया आली. पाना घेऊन ती आत शिरली. एक बोल्ट काढला, दुसरा काढला. मला किती मोकळं वाटलं!

तेवढ्यात मामा काठी टेकत आले. लादीवर तळवा ठेवून म्हणाले, "राहू दे गं. तीन वर्षांत एवढंच तर मिळालं आपल्याला."

भाचीनं दोन्ही बोल्ट परत आवळले.

वाचणाऱ्यांनो, मला विजय नको, नोंदवहीतली दुरुस्ती नको. ती दोघं जेवायला घरी गेली, की कुणीतरी हळूच या. पाना खिळ्याला टांगलेला आहे. चारच बोल्ट आहेत हो. कमाई त्यांची असेल, ओझं माझं आहे.